अर्धी आई, पाव बाबा

“मामा, आई अर्धीच आलीय,” केतकी म्हणाली.

मुंडावळ्या कानामागे सारून ती माझ्या कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या छोट्या पडद्यात डोकावत होती. मीही डोकावलो. फोटोच्या उजव्या कडेला माझ्या हेमाताईचा एक डोळा, एक कान, त्यातली कुडी आणि पैठणीचा एक काठ एवढा ऐवज होता. उरलेली ताई फोटोबाहेर होती.

“आणि बाबा?”

डाव्या कडेला एक खांदा होता आणि खिशाला लावलेलं पेन.

“बाबा पाव आलेत,” मी म्हटलं.

केतकी हसली नाही. माझ्या विनोदाला ती एरवी भिडस्तपणे का होईना, पण हसते. तेव्हा मामला गंभीर आहे हे मला कळलं.

चिपळूणच्या एका कार्यालयात, वधूपक्षाच्या खोलीत आम्ही उभे होतो. खोली लांबीला बरी, रुंदीला आगगाडीच्या डब्याएवढी. एका भिंतीशी फोटोसाठी रांग उभी होती आणि समोरच्या भिंतीशी कार्यालयाच्या गाद्या छतापर्यंत रचलेल्या होत्या. त्या गाद्यांत पाठ रुतवून मी उभा होतो. लग्न लागलं होतं, बाहेर पंगती चालू होत्या, आणि भाऊजींची सांगलीची एसटी तासाभरात सुटणार होती. ती सुटायच्या आत एक फोटो काढायचा होता.

तो फोटो केतकीने माझ्याकडे महिनाभर आधी मागून ठेवला होता. “मामा, मला अहेर नको. आई, बाबा आणि मी, तिघं असलेला एक फोटो दे. माझ्याकडे तसा एकही नाही.”

“एकही नाही?”

“आईबाबांचा एकत्र फोटो एकच आहे. त्यांच्या लग्नातला. त्यात मी नाही.”

“साहजिक आहे,” मी म्हटलं होतं.

गंमत वाटेल, पण तिचा बाप फोटोग्राफर. रघुवीर भाऊजींचा बाजारपेठेत स्टुडिओ होता. निम्म्या चिपळूणची बारशी, मुंजी आणि लग्नं त्यांनी काढली. घरी अल्बमांनी कपाट भरलेलं. केतकी पाळण्यात, केतकी घसरगुंडीवर, केतकी ताईच्या कडेवर फुरंगटून. सगळ्या फोटोंत ताई आहे, केतकी आहे, शेजारचं मांजरसुद्धा दोनदा आहे. भाऊजी कुठेच नाहीत. ते कॅमेऱ्याच्या मागे होते.

पुढे घरोघरी डिजिटल कॅमेरे आले आणि स्टुडिओत फक्त पासपोर्ट फोटो उरले. केतकी तेव्हा आठवीत होती. भाऊजींना सांगलीत एका कलर लॅबमध्ये काम मिळालं. थोडे दिवस जातो, म्हणून गेले. ताईची इथे शाळेत नोकरी. ती म्हणाली, तुम्ही परत या. ते म्हणाले, तू इकडे ये. मग दोघंही एकमेकांची वाट बघत बसले. भांडण असं झालंच नाही. भांडण झालं असतं तर कुणीतरी मध्ये पडून मिटवलं तरी असतं. पुढे पुढे बोलणंही थांबलं. घटस्फोट काही त्यांनी घेतला नाही. त्यासाठीही एकमेकांशी बोलावं लागतं.

केतकी लहानपणी बापाला ‘अरे बाबा’ म्हणायची. ते सांगलीला गेल्यानंतर कधीतरी ती ‘अहो बाबा’वर आली.

तर ताई फोटोला तयार झाली, पण तिच्या अटी होत्या. फोटो स्टेजवर नको. गावाला तमाशा नको. बाहेरचा फोटोग्राफर नको. आणि मधे माणसं हवीत. म्हणून रांग अशी लागली होती : डाव्या टोकाला भाऊजी, मग त्यांची बहीण कमलआत्या, आत्याचे यजमान, जावईबापू सौमित्र, केतकी, माझी बायको कुमुद आणि उजव्या टोकाला ताई. दोन देशांच्या सीमेवर असतं तसं सगळं होतं. फक्त काटेरी तार तेवढी नव्हती.

“मुकुंदा, मागे जा की जरा,” ताई म्हणाली.

“मागे गाद्या आहेत.”

“मग गाद्यांत घुस.”

मी घुसलो. ढेकणांचा विचार मनात न आणता आणखी एक फोटो काढला. ताईचा दुसरा डोळा थोडासा आला. भाऊजींच्या बाजूने पेनाचं टोपण वाढलं.

“सरका सगळे आत,” मी ओरडलो.

“अरे, आणखी सरकले तर जावयाच्या मांडीवर बसेन मी,” कमलआत्या म्हणाली. “आणि तो उभा आहे!”

सौमित्र हा भला मुलगा. त्याने खिशातून मोबाइल काढला. “मी ह्याच्यावर काढू का? ह्यात बहुतेक सगळे...”

भाऊजींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मोबाइल मुकाट खिशात परत गेला. जावई सासऱ्याला पहिल्यांदाच घाबरला. निदान तेवढं तरी नातं जमलं, म्हणून मला बरं वाटलं.

मला मात्र काही उमगेना. माझा कॅमेरा नवाकोरा होता. त्याबरोबर दुकानदाराने एक प्लॅस्टिकची लेन्स दिली होती, ती मी पुण्याला कपाटातच ठेवून आलो होतो. खेळण्यातली वाटायची. त्याऐवजी मी चढवली होती जुनी, अस्सल, लोखंडासारखी जड अठ्ठावीस मिलिमीटरची लेन्स. ती भाऊजींचीच. सांगलीला जाताना मागे राहिलेली. दिवाळीत ताईच्या कपाटात पैठण्यांच्या खाली मला दिसली आणि मी मागून घेतली. “वापर, पण परत दे,” ताई म्हणाली होती, तेही दोनदा. ह्याच लेन्सबद्दल भाऊजी पूर्वी छाती फुगवून सांगायचे, “अठ्ठावीस लावली की वरात बँडसकट मावते.” आणि आज तिच्यात सात माणसं मावत नव्हती. मला वाटलं, वयोमानाने लेन्सही आकसत असेल.

भाऊजी रांग सोडून माझ्याकडे आले. त्यांनी आधी पडद्यात पाहिलं, मग कॅमेऱ्याच्या तोंडाकडे. तिथे त्यांची नजर थांबली.

“ही अठ्ठावीस,” ते म्हणाले.

“हो. तुम्हीच म्हणायचात, वरात मावते.”

“मावायची. फिल्मच्या कॅमेऱ्यात. ही लेन्स तेवढ्या मोठ्या फिल्मसाठी केलेली आहे, मुकुंदा. तुझ्या ह्या कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी जो तुकडा बसवलाय, तो तिच्यापेक्षा लहान आहे. निम्म्याहूनही लहान.”

“म्हणजे लेन्स बिघडलेली नाही?”

“लेन्सला काय धाड भरलीय? ती अजून सगळं दाखवतेय. तुझा कॅमेरा त्यातलं फक्त मधलं उचलतोय.”

“आणि बाकीचं?”

“काठाची माणसं जातात,” भाऊजी म्हणाले.

बाहेर वाढपी ‘जिलबी, जिलबी’ करत गेला. दोन्ही काठांची माणसं आपापल्या पायांकडे बघत होती. मला एक चांगला शेरा सुचला होता, पण कुमुदने डोळे वटारले. आमच्या संसारात माझे कित्येक चांगले शेरे असे वाया गेले आहेत.

“मग आता?” केतकीने विचारलं.

भाऊजींनी एकदा रांगेकडे पाहिलं आणि बघता बघता त्यांच्यातला जुना फोटोग्राफर जागा झाला. पाठ ताठ झाली. “कमल, तू खाली बैस, गादीवर. तुझ्या यजमानांना शेजारी घे. कुमुदवहिनी, तुम्हीही खाली. पदर नीट. जावईबापू, खांदे पाडा, शिक्षा नाहीये ही. केतकी, इकडे अर्धं वळ. मागे दोघांची जागा झाली बघ. हेमा, तू...”

ते थांबले. ते नाव त्या तोंडून ताईने बऱ्याच वर्षांनी ऐकलं असावं. ती निमूटपणे केतकीच्या मागे येऊन उभी राहिली.

“आता बरोबर,” भाऊजी म्हणाले आणि माझ्यापुढे हात केला. “दे इकडे. मी काढतो.”

आणि खरं सांगतो, मी दिलासुद्धा. त्या माणसाच्या हातात कॅमेरा इतका शोभायचा, की मला त्यात काही चुकतंय हे जाणवलंच नाही. त्यांनी एक डोळा मिटला, दुसरा लावला, गाद्यांना टेकले. समोर आत्या, यजमान, कुमुद, सौमित्र, केतकी, ताई. ताईच्या शेजारी एका माणसाची रिकामी जागा.

“जरा जवळ या,” भाऊजी म्हणाले. “ती मधली जागा भरा. मोकळी दिसते.”

“बाबा,” केतकी म्हणाली, “ती तुझी आहे.”

भाऊजींनी कॅमेरा डोळ्यावरून काढला नाही.

“सगळ्या फोटोत तू हेच करतोस. सगळ्यांना नीट उभं करतोस आणि स्वतः पलीकडे जातोस.” मुंडावळ्या पुन्हा डोळ्यांवर आल्या होत्या, तिने त्या रागाने मागे टाकल्या. “मला असला फोटो नकोय. असले कपाटभर आहेत माझ्याकडे.”

आत्या गादीवरून म्हणाली, “रघू, ऐक तिचं. माझे गुडघे गेले इथे बसून.”

भाऊजींनी कॅमेरा खाली घेतला. काय करावं हे न सुचलेला माणूस हातातली वस्तू उगाच हाताळतो, तसं त्यांनी लेन्सवर बोट फिरवलं. मग सवयीने, अगदी सवयीनेच, त्यांनी ती फिरवून काढली, खिडकीच्या उजेडासमोर धरली आणि आरपार बघू लागले.

ते बराच वेळ बघत राहिले. लेन्स उलटी करून पुन्हा पाहिली.

“मुकुंदा, कधी साफ करून घेतलीस?”

“मी? मी फक्त वरून फुंकर मारली.”

“पुण्याला कुणाकडे दिली होतीस?”

“नाही हो. दिवाळीत ताईच्या कपाटातून काढली ती तशीच.”

“शक्य नाही.” ते माझ्याशी बोलत होते, पण आवाज खाली गेला होता. “चिपळूणचा पाऊस आहे हा. लेन्स कपाटात नुसती ठेवली, तर दोन पावसाळ्यांत आत बुरशी धरते. कोळिष्टकासारखी. ह्या गावात मी चांगल्या चांगल्या लेन्स मेलेल्या पाहिल्यात. हिच्यात एक तंतू नाही.”

मग ताई, भिंतीकडे बघत, वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात म्हणाली, “मे महिन्यात उन्हात ठेवते मी.”

“कुठे?”

“गच्चीवर. पापडांबरोबर. साडीवर जागा उरते म्हणून.”

“दर वर्षी?”

“पापड दर वर्षी करते.”

आता मला इथे पापडांबद्दल सांगायला हवं. दर जूनमध्ये ताईकडून आम्हाला उडदाच्या पापडांचा डबा येतो. त्यात एखाद्या पापडावर वाटाण्याएवढा, करपलेला, कंपासने काढल्यासारखा गोल डाग असायचा. आमच्या घरात ह्या डागावर वर्षानुवर्षं चर्चा झाली. कुमुदला संशय उडदाच्या पिठाचा. माझा संशय कावळ्यावर होता, पण करपवण्याइतका तापट कावळा सापडेना. ताईला विचारलं तर ती म्हणायची, “उन्हाचा डाग आहे. मुकाट खा.” त्या दिवशी लग्नाच्या पंगतीतही घरचेच पापड होते आणि माझ्या पानात नेमका डागाचा आला होता.

भाऊजी म्हणाले, “आडवी ठेवतेस की उभी?”

“उभी. दोन वाट्यांवर. खालून वारा लागावा म्हणून.”

“मग खालचा पापड जळत असेल. ऊन एका ठिकाणी गोळा होतं.”

“एखाद-दुसरा जळतो.”

मी आणि कुमुदने एकमेकांकडे पाहिलं. संसारातला इतका जुना वाद एका वाक्यात मिटला की माणसाला थोडं पोरकं वाटतं.

“खालच्या तोंडाला टोपण लावायचं. ऊन आत जातं, खाली उतरत नाही.”

“टोपण तुम्ही सांगलीला घेऊन गेलात,” ताई म्हणाली.

भाऊजी लेन्सकडे बघत राहिले. तिच्या तोंडाला टोपण नव्हतं ते त्यांना आता दिसलं असावं.

“आहे,” ते हळूच म्हणाले. “माझ्या टेबलाच्या खणात आहे.”

“लेन्सशिवाय टोपणाचं काय करता?”

“काही नाही. असतं खणात.”

आत्या पुन्हा काही बोलणार होती. तिच्या यजमानांनी, जे त्या दिवशी सकाळपासून एक शब्द बोलले नव्हते आणि पुढेही बोलले नाहीत, तिच्या हातावर हात ठेवला.

भाऊजींनी लेन्स कॅमेऱ्याला परत चढवली, टिकटिक करून बसल्याची खात्री केली आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. “अंतर हाताने जुळवावं लागतं हिला. केतकीच्या डोळ्यांवर धर. घाई करू नकोस.” मग चष्मा सारखा करत, रांगेला वळसा घालून ते मागे गेले. ताईच्या शेजारच्या रिकाम्या जागेपाशी थोडे थबकले.

“मावेन का मी?” त्यांनी विचारलं. विचारलं मला, पण बघत होते ताईकडे.

“जरा आत घ्या खांदा,” ताई म्हणाली. “पुन्हा पाव याल.”

तेव्हा केतकी हसली. माझाच विनोद होता, पण हसली ताईला. असो.

मी डोळा लावला. त्या छोट्या चौकटीत सगळे होते. फक्त भाऊजींचं काहीतरी बिनसलं होतं. ज्या माणसाने निम्म्या गावाला कसं उभं राहायचं ते शिकवलं, त्याला स्वतःला उभं राहता येत नव्हतं. हात पुढे बांधले, मागे नेले, खिशात घातले, काढले.

“हेमा, हात कुठे ठेवू?”

“इतकी वर्षं लोकांना सांगत होतात ना?”

“लोकांना सांगत होतो.”

ताईने समोर बघतच, त्यांचा हात मनगटाला धरला आणि केतकीच्या खांद्यावर ठेवला. आपला हात मग तिथून काढून घ्यायचा होता, पण मी तेवढ्यात “तयार?” म्हटलं, आणि फोटोला तयार म्हटल्यावर हलायचं नाही, ही शिस्त ताईला लग्नापासून भाऊजींनीच लावलेली. हात राहिला.

मी बटण दाबलं.

पडद्यात सगळ्यांनी डोकं घातलं. केतकी स्वच्छ आली होती. ताई पूर्ण आली होती, दोन्ही कुड्यांसकट. भाऊजीही पूर्ण आले होते, आणि त्यांचे दोन्ही डोळे मिटलेले होते.

“अरेरे,” मी म्हटलं. “आणखी एक घेऊ.”

डोळे मिटले म्हणून ह्या माणसाने लोकांना काय काय ऐकवलं होतं! एका नवरदेवाला तर दोन तास बसवून ठेवलं होतं. पण भाऊजी स्वतःकडे बघून काहीच बोलले नाहीत.

“नको,” केतकी म्हणाली. “हाच.”

“अगं, डोळे...”

“हाच, मामा.”

भाऊजींची एसटी चुकली नाही. उगाच खोटं कशाला सांगू? मीच त्यांना स्टँडवर सोडलं. निघताना मी लेन्स काढून त्यांच्यापुढे धरली. तुमची आहे, घेऊन जा, म्हटलं. त्यांनी ती हातात घेतली, तळव्यावर वजन केलं आणि मला परत दिली. “चिपळूणलाच असू दे. सांगलीत माझी खोली तळमजल्यावर आहे. गच्ची नाही.” मग खिडकीतून मान बाहेर काढून म्हणाले, “तिला दे. विसरू नकोस.”

मी ताईला ती परत दिली. तिने आरपार पाहिली, पदराने पुसली आणि पैठण्यांच्या खाली ठेवली. “काय म्हणाले?” असं तिने विचारलं नाही. मी सांगितलंही नाही. गच्चीवर एवढं बोलण्यासारखं काय असतं?

मे महिन्यात आंबे आणायला मी चिपळूणला गेलो. घरात कुणी नव्हतं, म्हणून हाका मारत गच्चीवर गेलो. नऊवारी जुनेर अंथरलेलं, त्यावर पापडांच्या रांगा. एका कोपऱ्यात, तोंड खाली करून, ती अठ्ठावीसची लेन्स ऊन खात बसलेली. खालून काळं टोपण डोकावत होतं. वाट्या नव्हत्या. पलीकडे छत्रीच्या सावलीत, डोक्याला ओला पंचा गुंडाळून, हातात काठी घेऊन भाऊजी बसले होते.

“कधी आलात?” मी विचारलं.

“टोपण द्यायला आलो होतो,” भाऊजी म्हणाले आणि एका कावळ्याच्या दिशेने काठी आपटली.

ताई जिन्यातून लाट्यांचं ताट घेऊन वर आली.

“टोपण कुरिअरने आलं असतं की,” मी तिला म्हटलं.

“हरवतात कुरिअरवाले,” ती म्हणाली. “आणि कावळे हाकायला माणूस लागतंच.”

“परत कधी जाणार?”

हा प्रश्न मी भाऊजींना विचारला होता. ताईने ताट खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाठ करून पापड उलटायला लागली.

“अजून कुरडया व्हायच्या आहेत,” ती म्हणाली. “मग सांडगे.”

केतकीच्या घरात तो फोटो अजून दिवाणखान्यात आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो, ह्यांचे डोळे मिटलेत, दुसरा नाही का काढला? ती म्हणते, नाही. आणि पापडांचं म्हणाल, तर त्या जूनमध्ये आमच्याकडे डबा आला तो एकाही डागाशिवाय. कुमुदने वरपासून खालपर्यंत सगळे तपासले. मग एक भाजून माझ्या पानात वाढला आणि म्हणाली, “छान झालेत. पण ताईंच्या हातचे वाटत नाहीत.”